कपाखालचं खोकं

दि. ३ फेब्रुवारी

चि. इन्स्पेक्टर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यात साडेतीन पानं सुरक्षा समितीच्या नियमांवर आणि अर्धं पान गुडघ्यांवर. मला नियमांतलं काही कळत नाही, म्हणून गुडघ्यांबद्दल लिहिते.

एकतीस वर्षं तू रोज चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून त्या पुलाच्या केबिनमध्ये जाऊन बसतोस. बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली ठेवायचा. पुलाच्या बिजागऱ्यांना दर महिन्याला ग्रीस मिळतं, हे तूच मला अभिमानाने सांगितलंस. तुझ्या बिजागऱ्यांना कोण विचारतं? वहिनीने लिहिलंय की हल्ली तू केबिनमधून उतरताना कठड्याला धरून आडवा उतरतोस. सत्तावन्न हे काही खेकड्यासारखं चालायचं वय नव्हे.

तेव्हा सोबत एक बाटली पाठवते आहे. माझ्या शिवणाच्या दुकानासमोर नवीन दुकान निघालंय, सगळा झाडपाल्याचा माल. तिथली मालकीण गोड बोलते आणि ब्लाउज वेळेवर घेऊन जाते, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे. मी स्वतः महिनाभर हे तेल घेतलं आणि आता मशीनचा पायडल मारताना तोंडातून आवाज येत नाही. रात्री जेवणानंतर थोडंसं जिभेखाली धरायचं, मग गिळायचं. मूळ बाटलीचं थेंब टाकायचं नळकांडं माझ्या हातून फुटलं, म्हणून तेल खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत ओतलंय. गोंधळ नको म्हणून कापडाची पट्टी शिवून गळ्याला बांधली आहे आणि तिच्यावर लाल दोऱ्याने 'गुडघे' असं भरलंय. आत काय आहे, कशाचं आहे असले प्रश्न विचारू नकोस. तू लहानपणी आईच्या हातचा काढासुद्धा उजेडात धरून बघायचास, म्हणून तर तुझं नाव इन्स्पेक्टर पडलं.

खोकं शोधू नकोस. खोकी मी कधी टाकते का? कात्रीने पट्ट्या करून त्यांच्यावर उरलेले दोरे गुंडाळून ठेवलेत.

वहिनीला आशीर्वाद. माया आहे ती अशीच पक्क्या टाक्याची राहो.

तुझी
ताई


दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझी बाटली सुखरूप पोचली. 'थोडंसं' हे काही माप नव्हे. पुलावर मी कोणाला थोडंसं उचल असं सांगत नाही. म्हणून मी चहाचा अर्धा चमचा हे प्रमाण ठरवलं, रोज रात्री साडेआठला, आणि वहीत नोंद ठेवतो. दहा दिवस झाले. ताई, गुडघ्यांनी तोंड मिटलंय. झोप अशी लागते की ही मला सकाळी हलवून उठवते. परवा तर मी पायऱ्या चढताना गाणं गुणगुणत होतो. हिने ते ऐकलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

आता कामाचं. तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी आमच्या पुलावर नशेच्या चाचण्या सुरू करा म्हणून समितीत मीच आवाज उठवला. मी अध्यक्ष, त्यामुळे नियमही मीच लिहिला. एका ओळीचा आहे, 'शून्य म्हणजे शून्य'. साहेबांना इतका आवडला की त्यांनी तो रंगवून जिन्यात लावला.

या नियमाचा पहिला दणका आमच्या शिट्टीला बसला. शिट्टी म्हणजे माझ्या जोडीचा पूलचालक. भोंगा वाजवायच्या आधी तोंडाने शिट्टी मारून बोटवाल्यांना इशारा देतो, म्हणून हे नाव. बावीस वर्षं नोकरी. त्याच्या लघवीच्या नमुन्यात गांजा निघाला. चौकशीत म्हणाला की आपण आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही, पाठीसाठी बायको कसलेसे थेंब देते, त्याचं असेल. पुरावा म्हणून घरून एक खोकंही आणलं होतं. ताई, हसू आवरेना. जो सापडतो त्याला बायकोचे थेंब, आईचं मलम, शेजाऱ्याचा धूर हे सगळं त्याच दिवशी आठवतं. मी निकालपत्रात एक वाक्य घातलं, साहेबांनी ते दोनदा वाचलं. 'आपला दोष घरच्या माणसांवर ढकलणे ही व्यसनी मनुष्याची पहिली खूण होय.' खोकं कोणी उघडलंही नाही. चहा आला तेव्हा बश्या कमी पडल्या, म्हणून मी माझा कप त्याच्यावर ठेवला. तेवढाच त्याचा उपयोग झाला.

शिट्टी गेला. आता आम्ही दोघंच उरलो, मी आणि जांभई. जांभईची चाचणी अगदी स्वच्छ निघाली. तो पाळीवर झोपतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण झोप लघवीत दिसत नाही.

नवीन फेरी सुरू झाली आहे. अध्यक्षाने आदर्श घालून द्यावा म्हणून पहिला नमुना मी दिला. साहेबांनी बाटलीसह माझा फोटो काढवला. फोटोत मी हसतोय.

भाचीला आशीर्वाद. तुझी कृपादृष्टी आहे, ती गुडघ्यांवरही राहो.

तुझा
भाऊ


दि. २६ फेब्रुवारी

चि. भावास आशीर्वाद.

हे पत्र मिळताच ते तेल बंद कर. कारण मागून कळवते. नमुना कधी दिलास ते लिही.

ताई


दि. ४ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. सोमवारी मला साहेबांनी बोलावलं. मला वाटलं फोटोची प्रत द्यायची असेल. त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या नमुन्यात गांजा निघाला आहे.

मी खुर्चीत बसलो होतो तरी खाली बसावंसं वाटलं. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं मी म्हणालो. साहेबांनी मला आठवण करून दिली की अदलाबदल होऊ नये म्हणून तीन सह्यांची पद्धत मीच सुचवली होती, आणि तिन्ही सह्या दाखवल्या. एक माझी होती. मग मी म्हणालो की पुलाखाली खलाशी काय काय ओढतात, त्याचा धूर वर येत असेल. साहेबांनी सांगितलं की चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून येणारा धूर त्यांनी पाहिला नाही. पुन्हा तपासणी करा म्हणालो, तर दुसरी, बारकाईची तपासणीही झाली होती आणि तिचंही तेच म्हणणं होतं.

मग त्यांनी कपाटातून शिट्टीची फाईल काढली आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. मी अजून कोणावर काही ढकललंही नव्हतं. वाक्य आधीच तयार होतं.

सहा आठवड्यांनी चौकशी. तोवर केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही. चौकशीत हरलो तर नोकरी जाईलच, पण ताई, तीन वर्षांवर आलेल्या निवृत्तीपेक्षा मला दुसरंच लागलंय. एकतीस वर्षांत माझ्यामुळे पूल एक मिनिटही उशिरा उचलला गेला नाही. या नदीवर माझी ओळख तेवढीच आहे, आणि आज कोपऱ्यावरचा न्हावी माझी दाढी करताना माझ्या डोळ्यांत वाकून बघत होता.

पुलाची काय दशा सांगू! जांभई एकटाच राहिला. तो सकाळी दहा ते चार एवढाच पूल चालवतो, त्यातही अधूनमधून डोळा लागतो. काल वाळूच्या अकरा बार्ज रांगेत उभ्या होत्या. शून्य म्हणजे शून्य या नियमाने पूलचालकांची संख्या जवळपास तिथवर आणून ठेवली आहे.

तुझं दोन ओळींचं पत्र आज हाती आलं. मी ते चार वेळा वाचलं. मग उठून कपाटातली बाटली उजेडात धरली, लहानपणीसारखी.

ताई, या बाटलीत काय आहे?

तुझा
भाऊ


दि. ९ मार्च

चि. भावास अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी गुन्हेगार आहे, आधी तेवढं लिहून टाकते, मग बाकीचं.

ते तेल गांजाच्याच जातीच्या झाडाचं आहे. मालकीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाल्या की त्या झाडात दोन गोष्टी असतात, एक डोकं फिरवणारी आणि एक दुखणं निववणारी, आणि या तेलात नुसती दुसरी आहे. पहिलीचा लवलेश नाही, खोक्यावर तसं छापलंय. मी छापलेलं वाचलं आणि तुला न सांगायचं ठरवलं. कारण तू ते नाव वाचून बाटली नदीत फेकली असतीस आणि आयुष्यभर आडवा उतरत राहिला असतास. तुझ्या पत्रात शिट्टीच्या बायकोच्या थेंबांचं वाचलं तेव्हा हातातला कपडा मशीनवर टाकला. मी तशीच समोरच्या दुकानात गेले. मालकीणबाई अजूनही म्हणतात की त्यात काही नाही. मग मला त्यांचा गोडवा पहिल्यांदाच जास्त वाटला.

आणि तू अर्धा चमचा घेतलास! अरे, खोक्यावर सहा थेंब लिहिले होते! मी 'थोडंसं' लिहिलं, कारण मी आयुष्यभर अंदाजाने कापड बेतत आले. तुझ्यासारख्या माणसाला अंदाज द्यायचा नसतो, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. तू गुणगुणत होतास तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. एरवी तू राष्ट्रगीतसुद्धा मनात म्हणतोस.

मी चौकशीला येते. उभी राहून सगळ्यांसमोर सांगते की माझ्या भावाने काही केलं नाही, मीच पाजलं. तुझ्या त्या वाक्याचं मात्र काय करायचं ते मला सुचत नाही. मी आले तर तू दोष बहिणीवर ढकललास असं होईल, नाही आले तर तू नशेबाज ठरशील. असलं माप तूच घेऊन ठेवलंस.

तुझ्या भाचीला सगळं लिहून विचारलंय. ती तुला स्वतः लिहील, बाटली लगेच कुरिअरने तिच्याकडे पाठव. प्रयोगशाळेत तेलं तपासण्याचंच तिचं काम आहे, आणि आईचं तेल तपासायची वेळ येईल असं तिलाही वाटलं नसेल.

नीट जेव. वहिनीला सांग, मी तिच्यासमोर यायला लाजते आहे. रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी
ताई


दि. २१ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. आईचं पत्र आणि तू पाठवलेली बाटली, दोन्ही मिळाली. 'गुडघे' ही पट्टी आमच्या सबंध प्रयोगशाळेने बघितली. भरतकाम केलेला नमुना इथे आजवर आला नव्हता.

आधी बातमी, मग समजावून सांगते. मालकीणबाई सांगत होत्या तो दुखणं निववणारा पदार्थ म्हणजे सीबीडी, आणि डोकं फिरवणारा तो टीएचसी. तुझ्या तेलात सीबीडी आहे आणि टीएचसीही आहे. थेंबांनी घेतलं असतं तरी धोका होता. तू चमच्याने घेतलंस.

तुमची चाचणी सीबीडी शोधतच नाही. शरीर टीएचसीचं पचन करून जो पदार्थ तयार करतं, तो ती शोधते. एकाच झाडातून तेल काढताना नीट शुद्ध केलं नाही तर टीएचसी मागे राहतो आणि खोक्यावर काहीही छापता येतं. रोज घेतलं की तो शरीरातल्या चरबीत साठतो आणि मग दिवसच्या दिवस, कधी काही आठवडेसुद्धा, हळूहळू बाहेर येत राहतो. तेच तू नुसतं गुडघ्याला चोळलं असतंस तर बहुधा काही निघालं नसतं. दुसरी बारकाईची तपासणी खोटी नव्हती. तो पदार्थ तुझ्यात खरंच होता. पण तो ओढलेल्या गांजातून आला की आईच्या खोकल्याच्या बाटलीतून, हे ती तपासणी सांगू शकत नाही. तू पूल उचलताना शुद्धीत होतास की नाही, हेही ती सांगत नाही.

आणखी एक, मामा, तू रागावू नकोस. चाचणीतही शून्य नसतं. एक मर्यादा ठरवलेली असते. तिच्या खाली निघालं की 'नाही' लिहितात, वर निघालं की 'आहे'. खाली निघालेला प्रत्येक जण कोरा असतोच असं नाही. म्हणजे जिन्यात लावलेलं शून्य एक, चाचणीचं दुसरं आणि खोक्यावरचं तिसरं. तिघांची एकमेकांशी ओळख नाही.

तेलाचा अहवाल सोबत आहे. पण समिती विचारेल की हे तेल दुकानातलंच कशावरून, बाटली तर खोकल्याची आहे. त्यासाठी खोकं हवं, निदान बॅचचा क्रमांक छापलेला तुकडा तरी. आईला विचारलं तर ती म्हणाली की खोक्याच्या पट्ट्या करून दोरे गुंडाळलेत. किती पट्ट्या आहेत विचारलं तर म्हणाली, चाळीस वर्षांच्या.

मामीला नमस्कार. काळजी करू नकोस असं लिहीत नाही, पण एकटाच करू नकोस.

तुझी
भाची


दि. २५ मार्च

चि. इन्स्पेक्टर यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. सापडला!

तीन दिवस दुकान बंद ठेवून मी दोरे उलगडत बसले होते. बिस्किटांच्या खोक्यांचे तुकडे निघाले, बुटांच्या खोक्यांचे निघाले, तुझ्या लग्नातल्या घड्याळाच्या खोक्याचाही निघाला. त्याच्यावर तुझ्या बायकोच्या पहिल्या परकराचा जांभळा दोरा होता. तो पुन्हा तसाच गुंडाळून ठेवला. मग शेवटी तपकिरी दोऱ्याखाली त्या तेलाच्या खोक्यावरचं हिरवं पान दिसलं. दोरा सोडवते तो काय, एका पट्टीवर 'शून्य टक्के टीएचसी' आणि दुसऱ्या पट्टीवर क्रमांक! दोन्हींची कापलेली कड एकमेकींना तंतोतंत जुळते. सरळ कापायची सवय कुठेतरी कामी आली म्हणायची.

दोन्ही पट्ट्या रजिस्टरने पाठवते आहे. त्यांच्यासोबत माझा सहीचा जबाब आहे. त्यात लिहिलंय की बाटली मी भरली, नाव मी लपवलं, माप मी दिलं नाही. तू तो दाखव. तुझ्या वाक्याला घाबरू नकोस. वाक्य चुकलं तर उसवता येतं.

एक विचारू? शिट्टीच्या बायकोनेही असंच काही शोधलं असेल का?

आशीर्वाद आहेतच, ते दोन्ही गुडघ्यांना वाटून घे.

तुझी
ताई


दि. १६ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. काल चौकशी झाली. निकाल अजून लागलेला नाही, आणि तो माझ्यामुळेच अडला आहे. पहिल्यापासून सांगतो.

ज्या टेबलाच्या डोक्याशी मी बसायचो, त्याच्या पायथ्याशी बसलो. भाचीचा अहवाल, तुझ्या पट्ट्या आणि जबाब समोर ठेवला. समितीने पट्ट्या जुळवून पाहिल्या, एकाने तर तुझ्या कापणीची तारीफ केली. साहेब खूश होते. बार्जवाल्यांचा मोर्चा येऊन गेला आहे आणि जांभईच्या पायाला प्लास्टर आहे. झोपेत खुर्चीवरून पडला. म्हणजे पूल चालवायला अक्षरशः कोणी नाही. त्यामुळे माझ्या एकतीस वर्षांची सर्वांना एकदम आठवण झाली. साहेब म्हणाले की हा प्रकार वेगळा आहे, विशेष बाब म्हणून मला कामावर घेता येईल, नियमाला धक्का लागणार नाही. मी सही केली की संपलं. पेन माझ्या हातात होतं, ताई.

मला तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न आठवला. मी विचारलं की मग शिट्टीची बाब विशेष का नव्हती. साहेब म्हणाले की त्याच्याकडे पुरावा नव्हता. मी म्हणालो, खोकं होतं. साहेब म्हणाले की कागदपत्रांत खोक्याचा उल्लेख नाही. खरंच नाही. कागदपत्रं मीच लिहिली होती.

मी पेन खाली ठेवलं आणि मुदत मागितली. साहेबांचा चेहरा पडला. घरी हिला सगळं सांगितलं. हिने बूट आणून पुढ्यात ठेवले आणि मी शिट्टीच्या घरी गेलो.

शिट्टी हल्ली धक्क्यावर बोटींना रंग देतो. घरी नव्हता. त्याच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं आणि पाणीही विचारलं नाही. विचारावं असं मी काही केलेलं नव्हतं. दारातच उभं राहून मी सगळं सांगितलं, तुझं तेल, माझा चमचा, सगळं.  ती आत गेली आणि कपाटातून खोकं घेऊन आली.

तेच हिरवं पान. तोच क्रमांक. 'शून्य टक्के टीएचसी' या अक्षरांवरून गेलेला चहाचा गोल तपकिरी डाग. माझ्या कपाचा.

ती म्हणाली की नवऱ्याने चौकशीच्या दिवशी घरी येऊन एवढंच सांगितलं होतं, खोकं कोणी उघडलं नाही, पण अगदीच वाया गेलं नाही. आत बाटली तशीच होती. अर्धी भरलेली, सोबत इथल्याच एका दुकानाची पावतीही होती. तीन दिवस दोरे उसवून तू जे शोधलंस, ते सगळं त्या माणसाने एका खोक्यात घालून माझ्या हाताशी आणून ठेवलं होतं. माझी लाज मला कुठे ठेवू कळेना. मी त्यांच्या दारात रडलो, ताई. तिने शेवटी पाणी आणलं.

शिट्टी आला तेव्हा मी माफी मागितली.  तो ब्रश पुसत म्हणाला की विचार करतो.

येत्या आठवड्यात पुन्हा बैठक आहे. खोकं मी नेणार आहे. डाग कुणाच्या कपाचा, तेही सांगणार आहे. त्यानंतर मला घेतलं नाही तर न घेवोत. वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू.

तुझा
भाऊ


दि. २८ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. बातमी भाचीने फोनवर सांगितलीच असेल, पण तू पत्राशिवाय खरं धरत नाहीस.

बैठकीत मी आधी शिट्टीचा अर्ज घ्या म्हणालो, मग माझा. खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा नेमका चहा आला. कोणीही कप खाली ठेवेना. सगळे हातात धरून बसले. त्याच्या बाटलीतलं तेल भाचीकडे तपासून आणलं होतं. तुझ्या तेलाची सख्खी बहीण निघाली. मी डागाचं सांगितलं आणि माझं ते वाक्य निकालपत्रातून काढून टाका असा लेखी अर्ज दिला. साहेब म्हणाले की काढता येत नाही, फार तर खाली नवीन ओळ घालता येईल. मग मी खाली लिहिलं, 'वरील वाक्य लिहिणाऱ्याने खोकं उघडलं नव्हतं.' आणि सही केली.

शिट्टीला लगेच घेतलं. मला दुसरा नमुना स्वच्छ आल्यावर घेतील. तो अहवाल अजून यायचा आहे. अध्यक्षपद गेलं. जिन्यातली पाटी उतरवली नाही, पण तिच्याखाली साहेबांनी आणखी एक पाटी लावली आहे. 'औषध घेत असल्यास आधी सांगावे.' पहिल्या पाटीपेक्षा ती लहान आहे.

आज शिट्टीचा पहिला दिवस. मी बाजारातून येत होतो. पिशव्या दोन्ही हातांत, गुडघे पुन्हा बोलायला लागलेले. फाटकापाशी पोचतो तोच वरून ती ओळखीची शिट्टी आली, मग भोंगा, आणि फाटक माझ्या नाकासमोर पडलं. पूल वर जायला लागला. मी वाकून बघितलं, कोणती मोठी बोट आली म्हणून. बोट कसली, एक म्हातारा वल्ह्यांची होडी घेऊन चालला होता. पूल खाली असता तरी त्याच्या टोपीला लागला नसता. एवढ्याशा होडीसाठी आमचा पूल एकतीस वर्षांत कधी उचललेला नाही.

तो पूर्ण वर जाईपर्यंत शिट्टीने उचलला. म्हातारा घाबरून भराभर वल्ही मारत होता. मी घड्याळ बघत होतो. सात मिनिटं मी पिशव्या धरून उभा होतो. पूल खाली येता येता त्याने केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून सावकाश शिट्टी मारली.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात केला.

गुडघ्यांसाठी आता काही पाठवू नकोस. पाठवलंसच तर खोक्यासकट पाठव.

तुझा
भाऊ